धोतराचा बगळा

हरिहर पोंक्षेचं धोतराशी मुळात काही वैर नव्हतं. जन्मात दोनदाच तो ते नेसला होता, एकदा लग्नात आणि एकदा सत्यनारायणाला, आणि दोन्ही वेळा ते भलत्या क्षणी सुटलं होतं. पण त्याने ते मनावर घेतलं नाही. मनावर घ्यायची पाळी आणली ती मधुसूदन टिपणीसने.

हरिहर पिंपरीच्या एका इंजिनियरिंग कंपनीत ड्रॉइंग ऑफिसात होता. टिपणीस त्याच कंपनीत प्लॅनिंगचा साहेब. शिवाय कंपनीच्या फोटोग्राफी मंडळाचा अध्यक्ष, आणि त्या मंडळाच्या प्रदर्शनाचा परीक्षक. आडनावच टिपणीस असल्यामुळे फोटो टिपण्याचा हक्क आपल्याकडे वंशपरंपरेने आला आहे, अशी त्याची समजूत होती आणि मंडळातल्या कुणाची तिला हरकत नव्हती.

दर वर्षी एक मेला कँटीनमधली टेबलं भिंतीला लावून प्रदर्शन भरायचं. त्र्याहत्तर साली हरिहरने पहिल्यांदा त्यात फोटो दिला. सेकंडहँड कॅमेरा घेऊन, भर दुपारी, पवनेच्या पात्रात गुडघाभर पाण्यात उभं राहून त्याने एक मोठा बगळा टिपला होता. डोक्यावर ऊन असं की नदीतले दगडही सावली शोधत होते. हरिहरने उजेड मोजायचा मीटर रोखला, मीटरने जे सांगितलं ते निमूट ऐकलं आणि बटण दाबलं. प्रिंट आली तेव्हा नदी सुरेख आली होती. दगड सुरेख आले होते. मधोमध बगळ्याच्या जागी मात्र एक पांढराफटक लोळागोळा होता. चोच नाही, पिसं नाहीत, काही नाही. हरिहरने त्याला ‘तपस्वी’ असं नाव दिलं आणि देवावर हवाला ठेवला.

टिपणीस त्या फोटोसमोर बराच वेळ उभा राहिला. हात मागे बांधून, मान तिरकी करून. मग तो म्हणाला, “पोंक्षे, धोतर छान वाळलंय. बगळा कुठाय?”

कंपनीत हसणंसुद्धा ग्रेडप्रमाणे होतं. आधी वर्क्स मॅनेजर हसले, मग ऑफिसर हसले, मग स्टाफ, आणि शेवटी ज्यांना विनोद ऐकूच गेला नव्हता ते, सगळ्यात जोरात. ते ओसरल्यावर टिपणीसने तिथल्या तिथे सगळ्यांना धडा दिला. मीटर हा बावळट कारकून असतो, तो म्हणाला. त्याला सगळीकडे काळं पाणीच दिसतं. उजेड कमी आहे असं समजून तो सांगतो, लेन्सचं भोक अजून उघडा. तुम्ही उघडता आणि पांढरा पक्षी उन्हात जळून जातो. म्हणून मीटर सांगेल त्याच्यापेक्षा ते भोक दोन घरं बंद करायचं. “पांढऱ्याला सांभाळायचं,” त्याने बोट वर करून सांगितलं, “मग बाकीचं काळं पडलं तरी चालेल.”

हरिहरने हे वाक्य ध्यानात ठेवलं. पुढे ते उपयोगी पडणार होतं, पण त्या वेळी त्याला ते माहीत नव्हतं. त्या वेळी तो फक्त उभा होता.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये वाढप्याने विचारलं, धोतर, उसळ वाढू का? आठवड्याभरात स्टोअर्समधून फोन यायला लागले, जरा धोतरना द्या. टिपणीस तर त्या दिवसानंतर त्याला पोंक्षे म्हणून हाक मारायचाच विसरला. मीटिंगमध्ये, साहेबलोकांसमोर, अत्यंत आदराने म्हणायचा: यावर धोतरांचं मत घेऊ. हरिहर मत द्यायचा. टेबलाकडे बघत, पण द्यायचा.

इथवर एक वेळ चाललं असतं. संक्रांतीला गोष्ट घरापर्यंत आली. संत तुकाराम नगरातल्या हळदीकुंकवाला हरिहरची बायको पद्मजा गेली, तेव्हा टिपणीसच्या बायकोने, अरुंधतीबाईंनी, चार बायकांना तिची ओळख करून दिली: या मिसेस धोतरे. त्यात खोडी नव्हती. घरी नवऱ्याच्या तोंडी आठ महिने तेच ऐकून अरुंधतीबाईंना ते खरोखरच आडनाव वाटत होतं. एका बाईने तर लगेच विचारलं, आमच्या बार्शीला एक धोतरे आहेत, ते तुमचे कोण?

पद्मजा घरी आली, तिळगुळाची पुडी टेबलावर ठेवली आणि शांतपणे म्हणाली, “मी पोंक्ष्यांच्यात पडले होते. मधेच घराणं बदललं तर कळवायची पद्धत असते.” हरिहर तिळगुळाची पुडी सोडायला लागला. “ते आडनाव घालवा,” ती म्हणाली. “नाहीतर मी माझं माहेरचं लावते. ते साधं आहे, पण नेसायचं नाही.”

त्या रात्री हरिहरने ठरवलं की नुसतं नाव घालवायचं नाही. ते ज्याने दिलं त्याच्या गळ्यात परत बांधायचं, तेही एक मेला, त्याच भिंतीसमोर, त्याच लोकांदेखत. टिपणीसच्या हातून धोतराचा फोटो काढवायचा. तो त्याने बगळा म्हणून टांगायचा. आणि मग हरिहरने पुढे होऊन, हात मागे बांधून, मान तिरकी करून म्हणायचं: साहेब, धोतर छान आलंय. हे वाक्य तो रोज न्हाणीघरात म्हणून बघायचा. ‘छान’वर किती जोर द्यायचा हे बसवायला त्याला महिना गेला.

एप्रिलमध्ये तो टिपणीसच्या टेबलाशी गेला आणि अतिशय नम्रपणे म्हणाला की साहेब, थेरगावच्या वळणावर एक पक्षी येतोय. बगळ्यासारखा आहे पण बगळा नाही. भर दुपारीच येतो. आम्ही काय टिपणार, उन्हात आमचं काय होतं ते आपण जाणताच. टिपणीसने खण बंद केला. त्याच्याकडे मेव्हण्याने आणलेला जपानी कॅमेरा होता, हातभर लांब लेन्स होती, दुर्मीळ पक्षी तेवढा नव्हता. नजर अधू होती, पण चष्मा लावला की माणूस अकाउंट्समधला दिसतो म्हणून तो खिशातच असायचा. गुरुवारी जाऊ, तो म्हणाला. पिंपरीत आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे इथल्या कारस्थानांना आपोआप दत्ताचा वार लाभतो.

गुरुवारी सकाळी हरिहर आधी एकटाच नदीवर गेला. पद्मजाकडे त्याने जुनी चादर मागून पाहिली होती. ती म्हणाली, बगळ्याला चादर आणि आपल्याला? पण खरं म्हणजे त्याला चादर नकोच होती. चादरीने पक्षी झाला असता, सूड झाला नसता. त्याला धोतरच हवं होतं. आणि थेरगावच्या काठावर धोतराला काय तोटा? बायका धुणी आपटून घराकडे वळल्या होत्या आणि बाभळींवर कपडे वाळत पडले होते. हरिहरने त्यातलं एक धोतर उचललं. उन्हं उतरायच्या आत परत आणून टाकू, असं त्याने बाभळीला मनातल्या मनात वचनही दिलं.

पात्राच्या मधोमध, उथळ पाण्यात एक खडक होता. त्याच्या फटीत त्याने बाभळीची फांदी वाकवून रोवली आणि घाईघाईने तिच्याभोवती धोतर गुंडाळून पाठ, पोट, शेपूट केली. चोच काही केल्या जमेना. तेव्हा पक्ष्याला झोप लागली आहे आणि त्याने मान पंखात घातली आहे, असं त्याने ठरवलं. काठावर येऊन वळून पाहिलं तर त्याला स्वतःलाच तो पक्षी जरा आळशी वाटला.

बाराच्या ठोक्याला टिपणीस स्कूटरवरून आला. डोक्याला हॅट, गळ्यात कॅमेरा, आणि हरिहरच्या हातात द्यायला छत्री. ऊन पाण्यावर आपटून डोळ्यांत घुसत होतं. दोघं खाली आले आणि हरिहर छत्री उघडता उघडता थांबला. खडकावर धोतर एकटं नव्हतं. शेजारी तीन बगळे येऊन उभे होते. खरे.

पांढरा सोबती दिसला म्हणून ते उतरले होते. उन्हाने त्यांच्या चोची उघड्या होत्या आणि गळ्याखालची कातडी थरथर हलत होती. त्यातला एक मधूनच धोतराकडे बघायचा आणि वडीलधारं माणूस झोपलेलं असावं तसा अदबीने जरा सरकून उभा राहायचा. हरिहरला आयुष्यात पहिल्यांदा पक्ष्यांचा राग आला. गेल्या वर्षी याच जातीच्या बगळ्याने त्याचं धोतर केलं होतं, आणि आज हे धोतराला बगळा म्हणून उभे होते.

टिपणीसला तर हर्षवायूच व्हायचा बाकी होता. डोळे बारीक करून तो लेन्समधून बघत होता आणि तोंडाने धडा चालू होता. मीटर काय म्हणतो बघा, म्हणू दे, दोन घरं बंद, पांढऱ्याला सांभाळायचं. मधेच त्याने हरिहरचा दंड धरला. झोपलेला आहे ना, तो कुजबुजला, त्याच्या छातीवर खूण आहे. गडद. हरिहरने छत्री धरल्या धरल्या मान हलवली. त्याला इतक्या लांबून खूण काही दिसली नाही, पण साहेबांना दिसते म्हटल्यावर असेल. टिपणीसने अख्खा रोल संपवला आणि स्कूटरला किक मारताना हरिहरच्या पाठीवर थाप मारली. धोतर, माणूस तू उपयोगाचा आहेस, तो म्हणाला.

तो गेल्यावर हरिहर पाण्यात उतरला, पण त्याच्या आधी गावच्या म्हशी उतरल्या होत्या. त्यातल्या एकीला नेमकं त्याच खडकाला अंग घासायचं होतं. बगळे उडाले. म्हशीने मान वर केली तेव्हा फांदी आणि फांदीसकट धोतर तिच्या शिंगांत होतं. वरात निघावी तशी ती डुलत डुलत पलीकडच्या काठाने रानात शिरली. हरिहर चिखलात पोटऱ्यांपर्यंत रुतून तिच्याकडे बघत राहिला. परत वळला तर काठावर एक म्हातारी बाभळींभोवती फिरत होती. बाबा, हिथलं धोतार कुठं दिसलं का, तिने विचारलं. हरिहरने नकारार्थी मान हलवली. वर्षभर तो हा शब्द तोंडातून काढत नव्हता, ते व्रत कामी आलं.

एक मेला प्रदर्शनात टिपणीसचा फोटो दाराएवढा होता. खाली मथळा: ‘चौकोनी छातीचा बगळा. भारतातील बहुधा पहिली नोंद.’ तिथे सगळे इंजिनियर होते, आणि चौकोन दिसला की इंजिनियरला बरं वाटतं. त्यामुळे पाखराच्या अंगावर चौकोन कसा, हे कुणीच विचारलं नाही. एकाने तर कोपरे काटकोनात आहेत म्हणून दाद दिली. हरिहर जवळ गेला आणि त्याचं काळीज सुपाएवढं झालं. एक्स्पोजर अचूक होतं. इतकं अचूक की डावीकडच्या तीन बगळ्यांचं पीस न् पीस मोजावं, आणि चौथ्याच्या अंगाचा धागा न् धागा. त्याने गुंडाळताना न बघितलेलं ठिगळ ऐन छातीवर आलं होतं. टाकेसुद्धा दिसत होते. टिपणीसने त्याच्यासारखंच जाळलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. पण टिपणीस हाताचा पक्का होता, आणि हेच त्याला भोवणार होतं. हरिहरने घसा साफ केला. मंडळी जमली की पुढे व्हायचं.

मंडळी जमली ती प्रमुख पाहुण्यांबरोबर. पाहुणे होते थेरगावचे मारुतराव. जुने बागाईतदार. त्यांच्या उरलेल्या रानातून कंपनीला पाण्याची लाइन न्यायची होती, म्हणून यंदा या मानाला त्यांच्यासारखा कलाप्रेमी माणूस दुसरा मिळाला नव्हता. मारुतराव पटका सावरत एकेक फोटो बघत आले. दाराएवढ्या फोटोपाशी टिपणीसने त्यांना स्वतः थांबवलं आणि बोटाने दाखवून सांगितलं, “हा चौकोन बघा मारुतराव. ही त्याच्या जातीची खूण.”

मारुतराव वाकले. नाक कागदाला लागेल इतके वाकले. हरिहर एक पाऊल पुढे आला, हात मागे बांधले, मान तिरकी केली.

“जातीची न्हाई, आमच्या कारभारनीची,” मारुतराव म्हणाले. “ठिगळ हाय त्ये. आन् ह्ये धोतार माजं हाय.”

तीन महिने घासूनपुसून ठेवलेलं हरिहरचं वाक्य तोंडातल्या तोंडात विरघळलं.

मारुतराव मात्र बोलत सुटले. थोरला मुलगा याच कंपनीत शॉपवर मशीनला आहे, त्याच्या जुन्या निळ्या कंपनी-शर्टाचं ते ठिगळ. दोन आठवड्यांपूर्वी गुरुवारी नदीवरनं धोतर गेलं. त्यांनी चुलतभावावर आळ घेतला, भावकीत बोलणं बंद झालं, चुलतभावाने बांधावरचा आंबा तोडायची धमकी दिली. आणि हितं आमचं धोतार तुमी काच लावून टांगलंय व्हय? मागे उभ्या असलेल्या वर्क्स मॅनेजरांच्या डोळ्यांसमोरून पाण्याची लाइन वळून परत जात होती.

टिपणीसने खिशातून चष्मा काढला. फोटोकडे बघितलं. मग त्याचा चेहरा पडला आणि त्याने हरिहरकडे बघितलं.

“पोंक्षे,” तो म्हणाला, “तुम्ही होतात बरोबर. सांगा ना यांना. बगळा होता की नाही तो?”

पोंक्षे. एक वर्षाने. भर सभेत, साहेबलोकांसमोर, अहोजाहो करून. आडनाव तबकात घालून समोर धरलं होतं. होय म्हणायचं आणि उचलायचं. टिपणीसने पुढे जन्मभर त्याला पोंक्षेच म्हटलं असतं, इतका तो घाबरला होता. हरिहरने हे सगळं पाहिलं. त्याला उसळ वाढणारा वाढपी आठवला, बार्शीचे धोतरे आठवले, आणि त्याला वाटलं की नाव परत मिळण्यापेक्षा हे पुढ्यात आलेलं ताट जास्त गरम आहे.

“मला त्यातलं काय कळतं साहेब?” तो म्हणाला. “मी काढला की बगळ्याचं धोतर होतं, तुम्ही काढला की धोतराचा बगळा होतो. हात लागतो माणसाचा.”

या वेळी हसू खालून वर गेलं. आधी दारातले कामगार हसले, मग स्टाफ, मग ऑफिसर. आणि वर्क्स मॅनेजर हसले नाहीत, कारण ते मारुतरावांना शाल पांघरायला धावले होते. मारुतरावांनी शाल हाताने बाजूला केली.

“शाल ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले. “धोतार द्या. ज्यानं नेलं त्यानं आनून द्यावं, भावकीदेखत.”

ज्यानं नेलं तो तिथेच उभा होता, पण सगळे टिपणीसकडे बघत होते. हरिहरही बघत होता.

असं ठरलं की दुसऱ्या दिवशी टिपणीसने नवी धोतरजोडी, नारळ आणि विडा घेऊन थेरगावला जायचं. प्रसंग कंपनीच्या मासिकात यावा म्हणून फोटोग्राफर बरोबर द्यायचा. मंडळाचा अध्यक्ष स्वतःच फोटोत असल्यामुळे दुसऱ्या कुणाला तरी पाठवणं भाग होतं, आणि हरिहरने हात वर केला होता.

भर दुपारी, मारुतरावांच्या अंगणात, सगळी भावकी जमली होती. चुलतभाऊ सगळ्यात पुढे. ऊन मे महिन्याचं. टिपणीस हॅट घालून, मान खाली घालून, दोन्ही हातांवर पांढरीशुभ्र धोतरं धरून उभा होता. मारुतराव तोंड वर करून उन्हाकडे बघत होते, जसा माणूस न्याय मिळाल्यावर बघतो. हरिहरने मीटर रोखला. मीटर म्हणाला, उघडा. हरिहरला गुरुवचन आठवलं. तो दोन घरं बंद करून थांबला, मग जरा विचार करून आणखी एक घर बंद केलं, आणि बटण दाबलं.

तो फोटो पुढे वर्षभर टाइम ऑफिसच्या बोर्डावर होता. धोतराचा काठ, घडी, धागा, सगळं सुरेख सांभाळलं होतं. मारुतरावांच्या मिशीचा केस न् केस आला होता. मधे टिपणीस होता. हॅट होती, कॉलर होती आणि दोहोंच्या मधे, तोंडाच्या जागी, नुसतं काळं. साहेब थेरगावात तोंड काळं करून आले, असं शॉपवर म्हणायचे आणि म्हणणाऱ्याला पुराव्याला कुठे लांब जावं लागत नव्हतं. टिपणीसने मंडळाचा राजीनामा दिला. त्याला नवीन नाव पडलं, धोतरचोर. कँटीनचा वाढपी ते न चुकता घ्यायचा.

हरिहर जेवणाच्या सुट्टीत रोज बोर्डापाशी जाऊन यायचा. आता आपलं नाव सुटलं, त्याला वाटत होतं. एका कंपनीत एकच धोतर पुरे. पण गोष्ट जरा निराळ्या वाटेने गेली. चोर म्हटला की त्याच्याबरोबर माल आला. एकदा दोघांना एकाच बसमध्ये शेजारी शेजारी जागा मिळाली आणि मागच्या सीटवरून कुणीतरी पोलिसी आवाजात म्हणालं, चोर मुद्देमालासह सापडला. पुढच्या दिवशी स्टोअर्समधून फोन आला: जरा मुद्देमालांना द्या.

त्याने हे घरी सांगितलं तेव्हा पद्मजा भात वाढत होती. ती थांबली. विचार केला.

“सरकारी शब्द आहे,” ती म्हणाली. “धोतरापेक्षा वजन आहे. आणि ते?”

“चोर.”

“मग अजून थोडा भात घ्या,” पद्मजा म्हणाली.

हरिहरने घेतला, वर तूप मागून घेतलं, आणि बऱ्याच दिवसांनी चवीने जेवला.